कल्याणीच्या जुळ्या गाठी

लंडनच्या हॅरोमधल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, कल्याणी रामटेके पाच मिनिटं एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. चहा ती उभ्यानेच पिते. फोन आला की जिना चढत-उतरत बोलते. कुणाकडे जेवायला गेली की हात धुऊन येता येता त्यांच्या टीव्हीमागच्या वायरींचा गुंता सोडवून येते, आणि मग त्यांचं इंटरनेट बंद पडलं की मनापासून ओशाळते. पसारा दिसला की तिचे हात आपोआप पुढे होतात. लहानपणी नागपुरात आई सतत म्हणायची, "कल्याणी, आवर." तो शब्द तिच्या हाडात मुरलेला आहे.

तिचा नवरा सुखदेव ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माणूस शांत. लोक दोघांची तुलना करायला लागले की तो म्हणतो, "आमच्या घरात हालचालीचा एक ठरलेला कोटा आहे. तिने सगळा उचलला, माझ्या वाट्याला खुर्ची आली." मुलगी आर्या सतरा वर्षांची, इथेच वाढलेली. तिचं मराठी प्रेमळ आहे, पण त्यात कोण पुल्लिंगी आणि कोण स्त्रीलिंगी हे दर वेळी नव्याने ठरतं. "आई, तुझा चहा परत थंड झाली," असं ती रोज सांगते.

सुखदेवच्या व्हिसावर कल्याणी इथे आली, तेव्हा हातात नागपूर विद्यापीठाची गणितातली एम.एस्सी. होती आणि कडेवर आर्या. इथे तिने शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं आणि सरकारी शाळेत गणित शिकवायला लागली. पुढे शिक्षकांसाठी ठेवलेल्या एका व्याख्यानात सारा नावाच्या प्राध्यापिकेने गाठींचं गणित समजावून सांगितलं. व्याख्यान संपल्यावर कल्याणी तिला इतके प्रश्न विचारत राहिली की शेवटी हॉलच्या रखवालदाराने दिवे घालवले. सारा म्हणाली, "तू पीएच.डी.च का करत नाहीस?" तेव्हापासून शाळा सुटल्यावर, रविवारी आणि मेट्रोपॉलिटन लाईनच्या गाडीत उभ्या उभ्या कल्याणीने अभ्यास केला. घरच्यांनी तिच्याशिवाय सिनेमे पाहिले, तिच्याशिवाय समुद्रावर जाऊन आले. कुणी तक्रार केली नाही, आणि तेच तिला जास्त टोचायचं.

शाळेतल्या मुलांना ती हा विषय असा सांगते. दोरीला गाठ मारा आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवून टाका. आता ती सुटणार नाही. अशा दोन गाठी समोर ठेवल्या, तर त्या मुळात एकच आहेत की वेगळ्या? ओढूनताणून एकीची दुसरी करता आली तर एकच. पण नाही जमलं तर? आपल्याला जमलं नाही, की कुणालाच जमणार नाही? म्हणून गणिती लोक गाठीवरून एक राशी काढतात. गाठ कितीही ओढा, ताणा, ती राशी बदलत नाही. तिला इनव्हेरियंट म्हणायचं. दोघींच्या राशी वेगळ्या आल्या की गाठी नक्की वेगळ्या. राशी सारख्या आल्या तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. "एका उंचीची दोन माणसं म्हणजे एकच माणूस नव्हे," असं म्हणून ती वर्गातल्या दोन उंच मुलांना उभं करते.

तिचं स्वतःचं काम दोरीवर नव्हतं, रिबिनीवर होतं. पुस्तकात अशा गाठींना फ्रेम्ड नॉट म्हणतात. दोरीत वेटोळं पडलं आणि ती ओढली, तर वेटोळं जातं आणि मागे काही राहत नाही. रिबिनीत पडलेलं वेटोळं ओढलं, तर वेटोळं जातं पण त्या जागी एक अख्खा पीळ राहतो. रिबिनीच्या गणितात हे पीळ मोजावेच लागतात.

गाठींमध्ये काही जोड्या फसव्या असतात. एका गाठीचा गोल तुकडा कापून, उलटा फिरवून पुन्हा जोडला की दुसरी तयार होते. नेहमीच्या बऱ्याचशा राशी दोघींना सारख्याच येतात. कल्याणी त्यांना जुळ्या म्हणायची. तिने रिबिनींसाठी एक नवी, हिशोबाला सोपी राशी रचली होती, आणि ती राशी अशा एका जोडीतल्या दोघींना वेगळं ओळखत होती. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एवढंच होतं, पण सगळा प्रबंध त्यावर उभा होता. प्रबंध सादर झाला होता. येत्या बुधवारी तोंडी परीक्षा, म्हणजे वायवा. ती झाली की डॉक्टरेट.

त्याआधी रविवारी हॅरोत आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम होता. त्याची सूत्रं लताताईंच्या हातात. लताताई हॉस्पिटलातल्या मेट्रनच्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण मेट्रनपणातून नाही. त्यांनी कार्यक्रमाची पत्रिका सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिली होती आणि तीत ठळक अक्षरांत होतं: डॉ. कल्याणी रामटेके यांचा सत्कार.

"ताई, अजून झाले नाही हो मी," कल्याणी म्हणाली होती.

"बुधवारी होतेसच ना? मग बुधवारसाठी मी परत हॉल कुठून आणू? लोक स्लाउहून येणार, मिल्टन कीन्सहून येणार. बाबासाहेब ज्या शहरात शिकले त्या शहरात आपली पोर डॉक्टर होते, अन् तू मला तारखा सांगतेस?"

तारखांचा विषय तिथेच संपला होता. कल्याणीला आतून बरंही वाटलं होतं.

शनिवारी सकाळी हॉल सजवायला सगळे जमले. कल्याणी शिडीवर, निळ्या सॅटिनच्या रिबिनीचं एक टोक तिच्या हातात आणि दुसरं खाली लताताईंच्या हातात. मध्ये कुठेतरी वेटोळं पडलं होतं. लताताईंनी झटका देऊन ओढलं. वेटोळं गेलं, पण रिबिनीची चमकती बाजू मधेच आत वळली आणि मळकट पाठ दिसायला लागली.

"काहून गं? ओढली तर सरळ व्हायला पाहिजे ना?"

"नाही होणार, ताई. वेटोळ्याचा पीळ झालाय. टोक सोडा आणि एकदा फिरवून घ्या."

हे वाक्य कल्याणीने आजवर असंख्य वेळा उच्चारलं असेल. पण या वेळी ते तोंडातून बाहेर पडलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

संशोधनाला लागली त्याच सुमाराला तिने शाळेतल्या मुलांसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. गाठीचं चित्र द्यायचं, तो त्यातली फालतू वेटोळी काढून स्वच्छ चित्र परत देतो. त्या तुकड्याचं नाव तिने गमतीने 'आवर' ठेवलं होतं. तो दोरीसाठी होता आणि दोरीसाठी बरोबर होता. पुढे प्रबंधाचा मोठा प्रोग्रॅम लिहिताना तिने जुन्या प्रोग्रॅममधले बरेच तुकडे उचलले होते. 'आवर' उचलला होता का?

"अगं, खिळा मार ना!" लताताई खालून ओरडल्या.

"ताई, मला घरी जायला हवं."

"आत्ता? अन् ही रिबीन काय मी दातात धरून उभी राहू?"

पण कल्याणी शिडीवरून उतरलीसुद्धा.

घरी आल्यावर अंगातला कोट न काढताच तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. शोधायला वेळ लागला नाही. दोन जुळ्यांची तुलना न्याय्य व्हायची तर दोघींच्या रिबिनीत पीळ सारखे असायला हवेत. त्यासाठी एकीच्या चित्रात तिनेच तीन वेटोळी मुद्दाम घातली होती. आणि राशी काढण्याआधी तिच्याच 'आवर'ने ती तिन्ही कचरा समजून काढून टाकली होती, मागे राहिलेल्या पिळांची नोंद कुठेच न ठेवता. दोन राशींमधला तो फरक, ज्याच्याकडे पाहून तिने एकदा स्वयंपाकघरात आर्याला उचलून गिरकी घेतली होती, तो या तीन पिळांचा होता. जुळ्या वेगळ्या आहेत हे तिच्या राशीला कधी कळलंच नव्हतं.

तिने चूक दुरुस्त केली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. दोन्ही राशी आल्या. शेवटच्या चिन्हापर्यंत सारख्या.

ती उठली, बागेत गेली, परत आली, भांडी लावली, पुन्हा बागेत गेली. सुखदेवने खिडकीतून हे पाहिलं. तिच्या येरझारा तो ओळखायचा. या नेहमीच्या नव्हत्या.

"काय झालं?"

तिने सांगितलं. तो गणितातला नव्हता, पण प्रोग्रॅम हा त्याचा रोजचा विषय. त्याला लगेच कळलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. सारालासुद्धा नाही."

"परीक्षक कोड चालवून बघतात?"

"नाही. सहसा नाही."

त्याने पडद्यावरच्या दोन सारख्या राशी पाहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाला, "वायवा होऊ दे ना. नंतर करेक्शन्स देतातच. त्यात घाल. खोटं नाही सांगायचं, फक्त चार दिवस गप्प बसायचं."

"चार दिवस मी कधी बसलेय का, सुखदेव?"

"मी थट्टा करत नाहीये. किती वर्षं गेली यात, ते मी पाहिलंय. उद्याचा कार्यक्रम आहे. लताताईंचं तोंड डोळ्यासमोर आण."

आर्या जिन्यात उभी राहून ऐकत होती. "पण बाबा, तो चॅप्टर राँग आहे ना? म्हणजे आईचा थिअरी... आईची... जे काय असेल ते. राँग आहे ना?"

"तुला कुणी विचारलं?" सुखदेव म्हणाला.

"कुणीच नाही विचारत, म्हणून मी स्वतः सांगते." आणि ती वर निघून गेली.

कल्याणीने त्या दिवशी काहीच ठरवलं नाही. तिने घरातली सगळी कपाटं आवरली.

रविवारी हॉल भरला. वंदना सुरू झाली, सगळे हात जोडून उभे राहिले. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. ही शीलं तिला कळायला लागल्यापासून पाठ होती; तोंड आपोआप म्हणत राहायचं आणि मन दुसरीकडे फिरायचं. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. तिचा आवाज फुटला नाही. शेजारी सुखदेवने आपला आवाज थोडा वाढवला, जणू तिच्या वाटचंही तोच म्हणत होता.

मग भाषणं झाली, मुलांची गाणी झाली आणि लताताईंनी माईक हातात घेतला. "आपली डॉ. कल्याणी!" टाळ्या पडल्या. कल्याणी स्टेजवर गेली. आत्ता सांगायचं, तिने ठरवलं होतं. पण समोर पहिल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. साउथॉलच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या खांद्यांवर शाल पडली, हातात पुष्पगुच्छ आला. ती "जय भीम" म्हणाली, "धन्यवाद" म्हणाली आणि खाली उतरली.

जेवणाच्या रांगेत ते गृहस्थ तिच्यापाशी आले. "पोरी, मला एक सांग. तुझ्या आधी हे कुणाला माहीत नव्हतं, असं काहीतरी तू शोधून काढलंस ना?"

"हो, काका," ती म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं की सुखदेव म्हणत होता ते गप्प बसणं आता संपलं. हे खोटं होतं, सरळ खोटं, आणि तेही भाताचं ताट हातात धरून.

सोमवारी शाळा सुटताच तिने गाडी पकडली आणि साराच्या खोलीत जाऊन उभी राहिली. सारा म्हणजे पांढरे बॉयकट केस, मोठा चष्मा आणि खोलीभर कागद. त्या कागदांना हात लावायचा नाही अशी तिने कल्याणीला पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती. कल्याणीने लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं.

साराने दोन्ही चित्रं पडद्यावर मोठी करून पाहिली. मग चष्मा काढून म्हणाली, "ही चित्रं मी किती वेळा पाहिली असतील. मी वेटोळी मोजली नाहीत."

"तुमची चूक नाही."

"अर्धी आहे. अर्धी मला राहू दे." ती खिडकीकडे वळली. "मी परीक्षकांना कळवते आणि वायवा पुढे ढकलते. शांतपणे विचार करू. बुधवारी गेलीस तर आहे त्या प्रबंधावर पदवी मिळणार नाही, हे कळतंय ना तुला?"

"कळतंय. पण ढकलू नका. हे घेऊन आणखी एक आठवडा फिरले तर मी शाळेच्या भिंतीसुद्धा आवरायला काढीन. आज परीक्षकांना कळवा, आणि बुधवारी मीच तोंडाने सांगते."

"नक्की?"

"नाही. पण तरी."

मंगळवारी ती शाल घेऊन लताताईंच्या दारात गेली. लताताईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही टोकलं नाही, हेच भयंकर होतं.

"म्हणजे तुला शनिवारीच माहीत होतं."

"हो."

"अन् रविवारी तू शाल घेतलीस."

"हो, ताई."

लताताई उठल्या, गॅसवरचं दूध उतू जाण्याआधी बंद केलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मी दोनशे लोकांना सांगितलं. आता त्यांना काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं काय आहे तेच तर मला कळलं नाही! वेटोळं काढलं, पीळ राहिला. एवढ्यासाठी डॉक्टर नाही?"

"एवढ्यासाठीच."

"अन् ही शाल काय परत करायला आणलीस? दुकान आहे का हे? माझ्याकडे पावती नाही." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "ठेव तिथे. चहा घेणार असशील तर खाली बस. उभ्याने मी देणार नाही."

कल्याणी बसली.

बुधवारी वायवाच्या खोलीत दोन परीक्षक होते. एक त्याच विद्यापीठातला, तरुण, अवघडलेला. दुसरे एडिनबराहून आलेले, उंच, वाकलेले, लोकरी टाय घातलेले. सारा कोपऱ्यात गप्प बसली होती; नियमाने तिला बोलायचं नव्हतं. कल्याणी बसली नाही. फळ्याजवळ उभं राहून तिने चूक मांडली. तीन वेटोळी काढली, पुसली, मागे राहिलेले पीळ दाखवले, मग दोन्ही राशी शेजारी शेजारी लिहिल्या. सारख्या. शेवटचं चिन्ह तिने पुसून पुन्हा लिहिलं.

तरुण परीक्षक हळहळला. "तुम्ही स्वतः सांगितलंत, याबद्दल..."

"ते असू द्या," एडिनबराचे गृहस्थ मधेच म्हणाले. "चूक कळली. पहिली तीन प्रकरणं चांगली आहेत, चौथं गेलं. आता मला हे सांगा. ही जोडीच दुर्दैवी निघाली, की तुमची राशी सगळ्याच जुळ्यांच्या बाबतीत आंधळी आहे?"

कल्याणीने फळ्यावरच्या दोन राशींकडे पुन्हा पाहिलं. शनिवारपासून तिने पदवीचा विचार केला होता, शालीचा केला होता, काकांचा केला होता. हा प्रश्न तिला एकदाही सुचला नव्हता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही. म्हणून तर विचारतोय."

पुढचा वेळ प्रश्नोत्तरांत गेला. मग तिला बाहेर थांबायला सांगितलं. पुन्हा आत बोलावून निकाल सांगितला तो तरुण परीक्षकानेच: या स्वरूपात पदवी देता येत नाही, प्रबंध नव्याने लिहून पुन्हा सादर करावा, पुन्हा वायवा द्यावी. तो मुदतीबद्दल काही सांगत होता. कल्याणीने मान डोलावली. अपेक्षा होती तेच झालं. साराने तिचा दंड दाबला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये एडिनबराचे परीक्षक कोटाच्या बाहीत हात घालायची खटपट करत होते. त्यांची परतीची गाडी होती. कल्याणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आंधळी नसावी," ती म्हणाली. "तुकडा उलटा फिरवला तरी त्याच्या आतले पीळ तसेच राहतात. पण जोडाच्या चार टोकांपाशी रिबिनीची कुठली बाजू वर येते, ते माझी राशी बघते. तिथे फरक पडायला हवा."

"हवा? की पडतो?" त्यांनी एकाच बाहीतल्या कोटानिशी खिशातून पेन काढलं. "मला वाटतं, पडत नाही. कागद आहे?"

कागद नव्हता. तिने प्रबंधाची प्रत उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर गोल काढला, त्याला चार टोकं काढली. "हे बघा. ही बाजू वर. आता फिरवा."

"कुठल्या अक्षाभोवती? फिरवण्याचे तीन प्रकार आहेत."

"तिन्ही बघू."

ते कोट अर्धा अंगात, अर्धा जमिनीवर ठेवून वाकले. साराने घड्याळाकडे पाहिलं आणि जमिनीवर लोळणारा कोट उचलून धरला. तेवढ्यात कल्याणीचा फोन वाजला. सुखदेव होता.

"मिळाली का?"

"नाही मिळाली. परत लिहायचंय."

"अरे... कधीपर्यंत?"

"ते नाही विचारलं. थांब ना, नंतर करते," ती म्हणाली आणि फोन खिशात टाकून दुसऱ्या अक्षाकडे वळली.